कच्च्या खतातला घट

बायको गेल्यावर सुरुवातीला लोक येत होते, मग थांबले. थांबणारच. ज्याला त्याला आपापलं काम असतं. मी सकाळी उठून उंबऱ्यावर बसायचो आणि समोरच्या घराची भिंत बघायचो. पोरगा कागलच्या एमआयडीसीत कामाला आहे, तिकडंच राहतो. फोनवर म्हणायचा, "बाबा, हिकडं या, नातवात मन रमंल." मी गेलो नाही. त्याच्या दोन खोल्या, सून नोकरीवाली. मी गेलो की तिला स्वतःच्याच घरात चोरट्यासारखं वावरावं लागतं. आणि खरं सांगायचं तर तिथं जाऊनही मी भिंतच बघितली असती. भिंत दुसरी, एवढंच.

माझं शिक्षण चौथी. नोकरी साखर कारखान्यात, बॉयलरवर. बायको इथं कॉलेजच्या होस्टेलात, मेसमध्ये भाकऱ्या करायची. तिच्याबरोबर तिथं एक बाई होती, वयानं तिच्यापेक्षा लहान, पण आवाजानं आणि अंगानं दुप्पट. आता तीच मेसची मुख्य आहे. होस्टेलची पोरं तिला मावशी म्हणतात. माझ्या बायकोला ती अक्का म्हणायची, म्हणून मी तिचा दाजी. दाजीला टोमणे मारायचा हक्क तिनं कधी सोडला नाही, अक्का गेल्यावरसुद्धा.

उन्हाळ्यात एका सकाळी ती दारात येऊन उभी राहिली.

"दाजी, भिंत पडंल की वो बघून बघून."

"पडू दे. माझी न्हाय ती."

"कॉलेजात चला. आमच्या मॅडमनी मेसच्या मागं हौद बांधून घेतल्यात. खरकट्याचं खत करायचं हाय. गडी मिळंना झालाय."

"म्हातारा माणूस मी. मला काय जमतंय आता?"

"म्हाताराच पायजे. तरणा टिकत न्हाय तितं, वासानं पळतंय. तुमास्नी कुठं पळून जायाचंय?"

तिचं बोलणं असलंच. पण त्या दिवशी मी चपला घातल्या.

मॅडम म्हणजे झाडांचा विषय शिकवणारी बाई. बारीक अंगाची, स्कूटरवरनं येणारी, बोलणं एवढं हळू की माझ्यासारख्याला कान पुढं करावा लागतो. तिनं मला मान दिला, आजोबा म्हणाली, आणि सगळं नीट समजावून सांगितलं. आधी या कॉलेजात पालापाचोळा जाळायचे. मेसचं उरलेलं एका पिंपात जायचं, त्यातच दुधाच्या पिशव्या, त्यातच चहाचे कागदी कप. गाडी येईल तेव्हा येईल, तोवर कुत्र्यांची चंगळ. आता ओलं वेगळं, सुकं वेगळं. प्लॅस्टिक आणि रद्दी एका खोलीत जमवून ठेवायची, ती भंगारवाला नेतो. ओलं आमच्या हौदात. एक थर खरकटं, एक थर पाला, वरनं शेणकाला, आणि अधूनमधून दाताळ्यानं खालचं वर करायचं. हाडं नकोत, रश्श्याचा तवंग नको. होस्टेलात बुधवारी आणि रविवारी मटण असतं, त्या दिवशी मावशीच्या बायका हाडं निवडून बाजूला काढायच्या. ते काम सोपं नाही. दुसऱ्यानं चघळून टाकलेलं हाताळायचं म्हणजे पोट घट्ट लागतं. पण त्या करायच्या, कारण मावशी करायला लावायची.

माझं एक काम आणखी होतं, ते मीच अंगावर घेतलं. जेवण झाल्यावर पोरं ताट खरवडतात, त्या बादलीजवळ मी उभा राहायचो. अर्धी भाकरी टाकणारं पोर आलं की म्हणायचो, "घरात आईपुढं टाकतोस काय रं अशी?" ती भाकरी कुणी थापली, चटके कुणाला बसले, मला माहीत होतं. एक पोरगी रडली. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजोबा, जरा हळू बोला. मुलं घाबरतात." मी म्हटलं, "घाबरू देत की." पण मग जरा हळू बोलायला लागलो. आणि बादली हलकी व्हायला लागली, हे मॅडमनीच मला दाखवून दिलं. खत करण्यापेक्षा टाकणंच कमी झालेलं चांगलं, असं ती म्हणायची. मला ते पटलं होतं.

त्या हौदांनी मला काय दिलं ते सांगतो. नवा हौद भरून झाकला की आतून तापतो. बॉयलरवर जन्म गेला, पण लाकूड नाही, काडी नाही, आणि नुसतं शिळं अन्न आणि पाला मिळून एवढी ऊब करतात, हे मी पहिल्यांदा बघत होतो. सकाळी पोतं बाजूला केलं की वाफ निघायची. घरी माझी चूल गार. मी सकाळी चहासुद्धा करत नव्हतो, कॉलेजच्या कँटीनला प्यायचो. पण त्या वाफेवर हात धरायला म्हणून मी उजाडायच्या आत उठायला लागलो. पोराचा फोन आला की सांगायचो, "कामावर हाय, मागनं बोलतो." त्याला बरं वाटायचं. मलाही.

गणपती झाले, पाऊस उतरला. पहिल्या हौदातलं खत तयार झालं. चहाच्या चोथ्यासारखं भुसभुशीत, हातात हलकं, वासाला पावसातल्या मातीसारखं. चाळून ते कॉलेजच्या झाडांना घालायला सुरुवात झाली. दुसरा हौद भरलेला होता, काळाभोर, ओला, जड. त्याला अजून अवकाश होता. मॅडमनी त्यावर पाटीच लावली होती: "अजून तयार नाही. कृपया नेऊ नये." तिसऱ्यात रोजचं पडत होतं.

नवरात्र तोंडावर आलं. आमच्याकडं घटाची माती शेतातनं आणायची पद्धत. शेत नाही त्यांनी मंडईत विकत घ्यायची. पत्रावळीवर माती पसरायची, मध्ये पाण्याचं मडकं, आणि मातीत गहू, जोंधळा, असलं धान्य पेरायचं. रोज एक माळ वर बांधायची. दसऱ्यापर्यंत धान्य वीतभर वाढतं. ते तुरे देवाला वाहायचे, पुरुषांनी टोपीत खोवायचे. घट उंच आला की वर्ष चांगलं, असं सगळी मानतात. माझ्या घरी यंदा घट नव्हता. बायको जाऊन वर्ष झालेलं नव्हतं, सण धरायचा नव्हता. वर्ष झालं असतं तरी मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. ते सगळं तिचं होतं.

मावशीच्या घरी मात्र यंदा घटाला फार महत्त्व आलं होतं. तिची एकुलती लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. आधीचं एक पोटातच गेलेलं. या खेपेला दिवस भरत आले होते आणि मावशी दिवसरात्र देवीचं नाव घेत होती. नऊ दिवस उपास, नऊ दिवस पायात चप्पल नाही. आणि घट असा यायला पाहिजे की गल्लीत कुणाचा आला नसेल. म्हणून तिनं काय केलं, तर मंडईतली माती घेतलीच नाही. संध्याकाळी मी घरी गेल्यावर दुसऱ्या हौदावरचं पोतं उचललं आणि बुट्टी भरून तेच घेतलं. काळं आहे, जड आहे, म्हणजे हेच कसदार, असा तिचा हिशोब. मातीचा एक कण न मिसळता निव्वळ तेच पत्रावळीवर पसरून तिनं गहू पेरला. तिचं बघून मेसमधल्या आणखी दोघींनी नेलं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. तिसऱ्या माळेला मी सकाळी बादल्या उघडल्या तर भात, दुधाच्या पिशव्या, कागदी कप, चहाची पावडर, लिंबाच्या साली, सगळं एकात एक. मी बादली घेऊन मेसच्या दारात गेलो.

"हे काय लावलंय गं?"

भाजी चिरणारी एक बाई मान वर न करता म्हणाली, "आमी न्हाय करणार आता निवडानिवड. इचारा मावशीला."

मावशी पाठमोरी होती. वळली नाही. दुसरीच बोलली, "उष्ट्यात देवी बसवली, दाजी. एकीचा बी घट उगवला न्हाय. गहू फुगला आनि कुजला. वर पांढरी बुरशी आल्या."

तेव्हा मला सगळं कळलं. मी तिथंच म्हटलं, "अगं, कच्चं होतं ते! पाटी लावलीय की ढळढळीत." पण ऐकायला कोण? चारचौघींत एकदा उष्ट्याचं नाव निघालं की संपलं. मग तासभर भांडी आपटायचा आवाज येत राहिला.

मॅडम दुपारी आली. तिनं बायकांवर आवाज चढवला नाही, कुणाला चूक म्हणाली नाही. घट उगवला नाही हे ऐकून तिचाच चेहरा उतरला. हौदापाशी येऊन मला म्हणाली, "आजोबा, त्यांना आत्ता मी कोणत्या तोंडानं समजावू? मावशींच्या लेकीचा प्रश्न आहे. पण मेसमधनं वेगळं करून आलं नाही तर हे चालणार नाही. सगळं एकत्र आलं की पुन्हा गाडीत घालायचं. मग हौद बुजवतील." एवढं बोलून ती तासाला गेली.

मी एकटाच हौदाच्या कट्ट्यावर बसलो. हौद बुजले की मी पुन्हा उंबऱ्यावर. समोर भिंत. मला त्याची भीती वाटली, हे सांगायला लाज कशाला? मेलेल्या माणसामागं जगायला काहीतरी हाताला लागतं, आणि माझ्या हाताला लागलं ते दाताळं.

चौथी माळ तशीच गेली. मी ढवळायचं तेवढं ढवळलं, नवीन काही घातलं नाही. ललिता पंचमीला पोरं सगळी टेंबलाईच्या जत्रेला गेली, मेसमध्ये सामसूम. मावशी एकटी तांदूळ निवडत बसलेली. मी जाऊन समोर पाटावर टेकलो. बोलायला आलो होतो ते गोड बोलायचं ठरवून, पण मला ते कधी जमलंय?

"घट उगवला न्हाय म्हणून कोण मरत न्हाय," मी म्हटलं.

तिनं सूप खाली ठेवलं. "तुमास्नी सोपं हाय बोलायला."

"सोपं? गेल्या वर्षी तुझ्या अक्काचा घट बघितलावतास न्हवं? तिनंच तुला बोलावलंवतं दाखवायला. हातभर आलावता. माझ्या टोपीत बसंना. आनि संक्रांत झाली की ती गेली. मंग सांग, काय कळतंय घटाला? काय बी न्हाय."

तिचे डोळे भरले.

"त्याचंच तर भ्या वाटतंय, दाजी. अक्काचा एवढा चांगला आला, तरी अक्का गेली. माझा तर आलाच न्हाय. मंग माझ्या पोरीचं काय व्हईल?"

मी आपला तिच्या सुपातले खडे निवडत बसलो. गेल्या दसऱ्याला बायको आजारीच होती. अंगात ताप राहायचा, जिना चढताना थांबायची. पण घट उंच आलेला बघून मी निवांत झालो होतो. म्हटलं, देवीनं सांगितलं, होईल बरी. म्हणजे मावशी आज जे करत होती तेच मी केलं होतं, फक्त उलट्या बाजूनं. हे मी तिला सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, कारण मोठ्यानं सांगताच आलं नसतं.

ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "तुमी कवा सांगितला न्हाईसा हे."

"कुणाला सांगू? भिंतीला?"

त्यावर ती रडता रडता हसली. मग मी उठलो. "चल माज्यासंगं. हौदावर."

"अनवाणी हाय मी."

"मंग हळू चल. कोण पळायला सांगतंय?"

ती आली, पाय जपत, तोंडानं पुटपुटत. मी दुसऱ्या हौदावरचं पोतं काढलं, दाताळ्यानं वरचा थर सारला आणि म्हटलं, "घाल हात."

"ई! उष्ट्यात?"

"रोज निवडत हुतीस तवा कुठं गेलतं उष्टं? घाल."

तिनं बोटं आत घातली आणि झटक्यात काढली. "आई अंबाबाई! भाजतंय की वो!"

"ह्यात तू गहू पेरलीस."

ती बोटांवर फुंकर घालायला लागली. मग मी एका हातात तिथलं आणि दुसऱ्या हातात पहिल्या हौदातलं खत घेऊन तिच्या नाकापुढं धरलं. जन्मभर रांधलेली बाई. कच्चं काय आणि शिजलेलं काय, तिला मी सांगायची गरज नव्हती. दुसऱ्याचा उग्र वास आला तसं तिनं तोंड फिरवलं. पहिल्याचा वास घेऊन पुन्हा एकदा घेतला.

"ह्ये कच्चं हाय," ती म्हणाली.

"शिजायच्या आदीच वाढून घेतलीस तू."

"मंग आदी सांगायचं न्हवं का?"

"पाटी लावलीय."

"पाटी कोण वाचतंय? हितं सगळीकडं पाट्याच हाईत. गवतावर चालू नये, भिंतीला टेकू नये. कुणाकुणाचं ऐकायचं?"

"देवीचा ह्यात काय बी राग न्हाय, येवढं कळलं तरी बास."

तिची भीती गेली असं मी म्हणणार नाही. लेकीची भीती खत हुंगून जात नाही. मी म्हटलं, "घटाकडं बघत बसू नगंस. पोरीकडं बघ. डॉक्टरनी बोलवायच्या आदी नेऊन दाखीव. पायाला सूज असली, डोकं दुखत असलं तरी सांग त्यास्नी. लपवायचं न्हाय. आमच्यात तुझी अक्का लपवत हुती, आनि मी इचारत नव्हतो."

"नेतो उद्याच," ती म्हणाली आणि तशीच अनवाणी पाय जपत परत गेली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जरा उशिरा हौदावर गेलो. लवकर जाऊन पुन्हा तसलीच बादली बघायची माझी तयारी नव्हती. तर तिथं दोन बादल्या ठेवलेल्या. एकीत भात, भाकरीचे तुकडे, साली. दुसरीत पिशव्या, धुऊन ठेवलेल्या. मावशी स्वतः आली नव्हती. ती लेकीला घेऊन दवाखान्यात गेल्याचं बायकांनी सांगितलं. "जाताना बजावून गेल्या," भाजी चिरणारी म्हणाली, "हाडाचा एक तुकडा दाजीला घावला तर आमचं हाड मोडतो म्हणाल्या." घटाचा विषय कुणी काढला नाही, मीही नाही. मॅडमला सांगितलं तेव्हा ती नुसती "थँक यू आजोबा" म्हणाली आणि पाटीवरची अक्षरं मोठी करून घेतली. खाली एक ओळ वाढवली: "हात घालू नये, भाजेल." ती ओळ पोरं वाचतात आणि हमखास हात घालतात.

मावशीच्या लेकीला दवाखान्यात ठेवून घेतलं. रक्तदाब वाढलेला निघाला. तिकडचा निरोप रोज मेसमध्ये यायचा, मी भाजी चिरणारीला विचारायचो आणि मग कामाला लागायचो. त्या दिवसांत मी देवीला हात जोडले की नाही, हे मी सांगणार नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हौद ढवळत होतो तेव्हा मागून आवाज आला.

"दाजी, नात झाली."

वळून बघितलं तर मावशी, हातात बर्फीचा पुडा, डोळे झोप नसल्यानं सुजलेले, पायात पुन्हा चपला.

"सुखरूप हाय न्हवं दोगी?"

"हाईत. शिजर करावं लागलं. डॉक्टर म्हणाला, येळंवर आणलासा. पोरगी एवढीशी हाय, खरं आवाज माझ्यावर गेलाय."

"मंग दवाखाना रिकामा झाला असंल."

"व्हय, तुमी या की ऐकायला!" तिनं माझ्या हातावर दोन वड्या ठेवल्या, तसल्याच मातीच्या हातावर. मग म्हणाली, "घट काडला काल. नदीत न्हाय टाकलो, तुमची मॅडम बोलंल. आनून तुमच्या तिसऱ्या हौदात घातलो आत्ताच, नारळाची शेंडी तेवढी काडून. पुडच्या वर्षी मात्र माती मी शेतातलीच आनणार. तुमचं खत तुमालाच लखलाभ."

"बरं."

"बरं काय? जरा तरी आग्रह करायचा माणसानं."

आणि ती आत निघून गेली, आतनं लगेच कुणाला तरी ओरडल्याचा आवाज आला, तांदूळ धुतले नाहीत म्हणून.

मी एक वडी खाल्ली. दुसरी सवयीनं कागदात गुंडाळून खिशात ठेवली. कारखान्यात कुणी काही वाटलं की मी असंच करायचो, अर्धं घरी न्यायचो. थोड्या वेळानं ध्यानात आलं की घरी खायला कुणी नाही. मग ती काढली आणि तिथंच हौदाच्या कट्ट्यावर बसून खाल्ली, हळूहळू, कारण बायको गोड असंच हळूहळू खायची. कागद सुक्याच्या बादलीत टाकला. मेसमध्ये पोरं जेवायला यायला लागली होती, आणि खरकटं यायच्या आत मला खालचा थर वर घ्यायचा होता.